मोहाच्या झाडावर नाइट शिफ्ट

तुमचं ऑफिस सुटतं, तेव्हा त्यांचं सुरू होतं. एकच झाड, हजारो फुलं आणि दावेदार ढीगभर. तरी सगळ्यांचं पोट भरतं. हे जमतं कसं? वर्धा जिल्ह्यातल्या एका शेताच्या बांधावर रात्र जागून काढलेली ही उत्तरं.

तुमच्या ऑफिसात कॉफी मशीन एकच असेल, तर सकाळी साडेदहाला तिथे काय होतं हे मी सांगायला नको. कुणी आधी येतं, कुणी मुद्दाम उशिरा येतं. कुणी मशीनसमोरच उभं राहून गप्पा ठोकतं, कुणी कप भरून गुपचूप आपल्या जागेवर पळतं. भांडणं होतात, पण कुणी कॉफीवाचून राहत नाही. आता या मशीनच्या जागी चाळीस फुटी मोहाचं झाड ठेवा आणि रांगेत वटवाघळं उभी करा. उभी म्हणजे उलटी!

हसू नका. जगभरच्या उष्ण प्रदेशातल्या जंगलांत शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हाच प्रश्न घेऊन बसलेत. फुलांवर जगणारी तीन-चार जातींची वटवाघळं एकाच जंगलात राहतात, तर एक जात दुसरीला हुसकून का लावत नाही? मकरंद काही अमर्याद नसतो. वाटणी होते तरी कशी?

मला हा प्रश्न पडला तो मात्र मामाच्या शेतावर. शेत वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलापासून फार लांब नाही. बांधावर मोहाचं जुनं झाड आहे. गेल्या दिवाळीत मामा सहज बोलून गेला, "तोडून टाकतो म्हणतो मी ते झाड." आणि मग चैत्रात मी चार दिवसांची सुट्टी टाकून विदर्भ एक्सप्रेस पकडली. मामाचं स्वागताचं वाक्य होतं, "काऊन वं, पुण्यात वटवाघळं नाहीत का? इतक्या दूर कायले आली?"

खरं तर आहेत. पण ते पुढे.

दारूबंदीच्या जिल्ह्यातला बार

आधी त्या झाडाविषयी. मार्चच्या सुमारास मोह आपली जवळपास सगळी पानं गाळून टाकतो आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस लटकतात. फुलं उमलतात रात्री. दिसायला काही खास नाहीत. पिवळट पांढरी, गोल, गरगरीत, मोत्याच्या मण्यासारखी. वास मात्र असा की शंभर पावलांवरून झाड सापडावं. गोड, जड, थोडा आंबुस. मला तो आवडतो, माझ्या रूममेटला त्याची मळमळ येते. मधलं मत मी अजून ऐकलेलं नाही.

वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. म्हणूनच त्याची दारू होते आणि म्हणूनच त्याच्यावर कायद्याचा डोळा. वर्धा जिल्ह्यात तर १९७५ पासून दारूबंदी आहे, गांधीजींच्या आणि विनोबांच्या या जिल्ह्याला ती शोभतेही. मोहफुलं गोळा करणं, साठवणं, वाहून नेणं यांवरचे निर्बंध राज्य सरकारने २०२१ साली उठवले, पण गावातली माणसं हे फूल फक्त गाळायला वेचतात असा तुमचा समज असेल तर मामीच्या हातची मोहाची भाकर खाऊन बघा. कोरडी फुलं भाजून, तिळाबरोबर कुटून केलेले लाडूही. जीमवाल्यांच्या एनर्जी बारला भारी पडतील.

आता या झाडाची खरी करामत सांगते. आपण जे 'मोहफूल' म्हणून वेचतो, ते पूर्ण फूल नसतंच. तो नुसता पाकळ्यांचा रसाळ पेला. पुंकेसर त्याच पेल्याला आतून चिकटलेले असतात. स्त्रीकेसराची लांब काडी कळीतूनच, पेला उघडण्याच्या आधी, बाहेर डोकावते. म्हणजे फूल आधी मादी असतं, मग नर. पराग घेण्याची वेळ आधी, देण्याची नंतर. स्वतःचाच पराग स्वतःला लागण्याची शक्यता त्यामुळे कमी. आणि काम झालं की पेला अलगद सुटून गळतो, काडी आणि तळाचा बीजकोश फांदीवर जिथल्या तिथे राहतात.

काय समजलात? फूल खाल्लं तरी फळाला धक्का नाही! पेला वटवाघळाने तोंडाने ओढून नेला काय, चितळाने सकाळी खाली चघळला काय, अस्वलाने हुंगत येऊन फस्त केला काय, की मावशींनी टोपलीत भरला काय. झाडाचं काहीच जात नाही. उलट जो पेला ओढायला तोंड घालतो, त्याच्या नाकातोंडाला, मिशांना, छातीच्या केसांना पराग चिकटतो आणि पुढच्या झाडावरच्या काडीला जाऊन लागतो. झाडाने आपली वाटणी आधीच बाजूला काढून ठेवलीय. उरलेलं तुमचं तुम्ही बघा.

सात वाजून दहा मिनिटं

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि मामाचा मुलगा, बैलगाडीच्या आडोशाला बसलो होतो. जंगल जवळ आहे, बिबट्या येतो, म्हणून सोबत गावातला एक जाणता माणूस. टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर लावलेला, कारण पांढऱ्या झोतात वटवाघळं बिचकतात. अमावास्येच्या आगेमागेची रात्र होती, आणि दिवसभर तापलेली जमीन अजून गरम.

उजेड संपता संपता पहिली आली ती मोठी वटवाघळं, इंग्रजीत ज्यांना फ्लाइंग फॉक्स म्हणतात ती. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत सव्वा मीटरच्या पुढे, वजन किलो-दीड किलोपर्यंत. तोंड खरोखर कोल्ह्यासारखं. आवाज न करता उडत आली, पण उतरताना इतकी धसमुसळी की एका फांदीवरून मण्यांचा पाऊस पडला. उतरल्यावर ती उलटी लटकत, अंगठ्याच्या नखाने फांद्या ओढत घोस तोंडाशी आणतात. चघळतात, रस गिळतात आणि चोथा थुंकतात. खाली बसलेल्या माणसाने टोपी घालावी, एवढाच सल्ला.

आणि भांडण! चिरकणं, किंचाळणं, पंखांनी फटकारणं. आलेल्या प्रत्येकाला आपली एक फांदी हवी. पहिल्या अर्ध्या तासात जागा ठरतात, मग नवा आला की आधीचा त्याला पिटाळतो. तो दुसरीकडे उतरतो, तिथूनही हाकलला जातो, दोन पेले तोंडात कोंबतो आणि दुसऱ्या झाडाकडे निघतो. ऑस्ट्रेलियातल्या फ्लाइंग फॉक्सबद्दल संशोधकांनी या दोघांना नावं दिली होती: एक रेसिडेंट, एक रेडर. कब्जेवाला आणि घुसखोर. गंमत अशी की झाडाच्या दृष्टीने कामाचा माणूस घुसखोरच. फांदी धरून बसलेला एकाच झाडाचा पराग त्याच झाडावर फिरवतो. हाकललेला मात्र तो घेऊन शेजारच्या बांधावर जातो. ऑफिसातल्या भांडणांचा असा काही उपयोग होताना मी तरी पाहिलेला नाही.

साधारण आठनंतर मामेभावाने माझं कोपर ओढलं. झाडाच्या खालच्या अंगाला, मोठ्यांच्या गोंगाटापासून दूर, काहीतरी लहान भुर्र करून आलं आणि गेलं. पुन्हा आलं, पुन्हा गेलं. बसतच नव्हतं. हे आखूड नाकाचं छोटं वटवाघूळ, वजनाला चाळीस ते सत्तर ग्रॅम, म्हणजे तुमच्या मोबाइलच्या निम्म्यानेही नाही. ते झाडावर मुक्काम करत नाही. एक पेला तोडतं आणि दूर, आपल्या ठरलेल्या झाडावर नेऊन निवांत खातं. पुन्हा येतं, पुन्हा नेतं. पार्सलवालं गिऱ्हाईक! दुसऱ्या दिवशी मामाच्या आंब्याच्या एका फांदीखाली आम्हाला मोहाच्या चोथ्याचा छोटासा ढीग सापडला. तिथेच त्याचं डायनिंग टेबल.

आणि पुण्यातल्या वटवाघळांची गोष्ट ती हीच. सोसायटीच्या गेटशी जे उंच, सरळसोट अशोकाचं झाड असतं ना, त्याच्या लोंबत्या पानांआड ही जात आरामात राहते. ताडासारख्या झाडांची पानं कुरतडून, वाकवून, आपल्यासाठी तंबू बनवणारी ही मंडळी आहेत. तंबू बांधतो नर, आणि तंबू पसंत पडला तर माद्या राहायला येतात. फ्लॅट असल्याशिवाय स्थळ येत नाही, हा नियम फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.

त्या रात्री आमच्या वाट्याला या दोनच जाती आल्या. मदुराईच्या कामराज विद्यापीठातल्या संशोधकांनी दक्षिणेतल्या मोहाच्या झाडांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात या दोघांच्या जोडीला तिसरी जातही आहे: लेण्यांत, जुन्या किल्ल्यांत, भुयारांत राहणारं तांबूस वटवाघूळ. पहिले दोघं डोळे आणि नाक यांच्या भरवशावर चालतात. हा तिसरा जिभेने टकटक आवाज काढतो आणि प्रतिध्वनी ऐकून अंधाऱ्या गुहेत वाट काढतो. तिघंही मोहाच्या पेल्यासाठी येतात आणि तिघांकडूनही झाडाचं काम होतं.

मोठा बसून खातो, छोटा नेऊन खातो. मोठ्याला जाड फांदी आणि मोकळी जागा लागते, कारण एवढे पंख दाटीत उघडत नाहीत. छोटा अडचणीच्या कोपऱ्यात शिरतो, जिथे मोठ्याला जाताच येत नाही. जंगलातली बरीच वाटणी ही अशी सामंजस्यातून नाही, तर देहाच्या मापातून होते.

बोनस आणि पगार

इथे जरा वर्ध्याबाहेर जाऊ. कारण खरं सांगायचं तर आपल्याकडे फुलांच्या रसावरच जगणारं, त्यासाठीच घडलेलं वटवाघूळ विदर्भात नाही. तशा जाती भारतात आहेत त्या दक्षिणेत आणि ईशान्येत. आपली ही मंडळी मुळात फळं खाणारी, फुलांचा हंगाम आला की फुलांवर जाणारी. पक्की मकरंदखोर वटवाघळं बघायची तर अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यात जावं लागतं.

तिथली एक जात जेमतेम दहा ग्रॅमची. ती पाखरासारखी फुलासमोर हवेत थांबते, लांब जीभ आत घालते आणि सेकंदाभरात निघते. रात्रीतून शेकडो फुलं. हवेत थांबायला इतकी शक्ती लागते की नुकतीच प्यायलेली साखर काही मिनिटांत स्नायूंत जळायला लागते. हातावरचं पोट म्हणतात ते हे. इक्वेडोरच्या डोंगरात २००५ साली नव्याने नोंदवलेल्या एका वटवाघळाची जीभ तर त्याच्या अंगाच्या दीडपट लांब आहे. तोंडात मावत नाही म्हणून मिटल्यावर ती बरगड्यांच्या पिंजऱ्यात जाते. तेवढ्याच लांब नळीचं एक फूल तिथे आहे, आणि त्या फुलावर दुसरं कुणी पोचूच शकत नाही. सीट रिझर्व्ह!

फुलंही कमी नाहीत. क्यूबातल्या एका वेलीने फुलांच्या वर वाटीसारखं वाकलेलं पान धरलेलं असतं. वटवाघळाचा आवाज त्या वाटीवर आपटून कुठल्याही कोनातून ठणठणीत परत येतो. डिश अँटेनाच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं की असं पान लावलं तर वटवाघळाला रस शोधायला निम्माच वेळ लागतो.

पण माझ्या प्रश्नाचं सगळ्यात सुंदर उत्तर मिळालं कोस्टारिकाच्या पावसाळी जंगलातून. मार्को चाप्का या संशोधकाने तिथल्या चार मकरंदखोर जातींचा माग काढला. अभ्यास छापून आला २००४ साली. चारांपैकी दोनच जाती बारमाही. बाकीच्या दोन फुलांचा बहर असेल तेव्हाच दिसायच्या, बहर ओसरला की गायब. आपल्या भाषेत कंत्राटी! बारमाही दोघींमध्येही फरक. एक दणकट, सगळीकडे चालणारी; फुलं कमी झाली की सरळ फळांवर गेली. दुसरी हलकी, कमी खर्चात उडणारी. ती वर्षभर फुलांनाच धरून राहिली, कारण विखुरलेल्या, थोडाच रस देणाऱ्या फुलांवर तिचं भागत होतं. जास्त पगाराची सवय नसेल तर मंदीत टिकता येतं, असं हे गणित.

आणि रस भरपूर, एकाच जागी असला की? मग वागणं बदलतं. कोलंबियात घायपातीच्या जातीचे तुरे फुलले, तेव्हा एरवी फुलाफुलावर फेरी मारणारी वटवाघळं त्या तुऱ्यांवर पहारा करायला लागली, दुसऱ्याला हुसकवायला लागली. राखण्याजोगं असेल तेव्हाच राखायचं. विखुरलेल्या फुलांची राखण परवडत नाही, तिथे फेरीच बरी.

फुलांचेही दोन स्वभाव असतात. अल्विन जेंट्री या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये त्यांना नावं दिली. काही झाडं एकदम फुलतात, थोड्याच दिवसांत सगळी दौलत उधळतात. काही मात्र रोज थोडी थोडी फुलं, पण महिनोन् महिने. पहिला प्रकार म्हणजे दिवाळी बोनस, दुसरा म्हणजे महिन्याचा पगार. मोह हा बोनस. आणि पगार? सेलू-केळझरच्या पट्ट्यात एकेकाळी केळीच्या बागा मोठ्या होत्या. केळफुलाचं एक एक जांभळं पान उघडतं, आत रसाने भरलेली फुलांची रांग असते, दुसऱ्या दिवशी पुढचं पान. आखूड नाकाचं वटवाघूळ या केळफुलाचं ठरलेलं गिऱ्हाईक. रोज संध्याकाळी त्याच बागेची त्याच क्रमाने फेरी. आपल्या खायच्या केळीला फळ धरायला परागाची गरज नसते, त्यामुळे इथे त्याला फुकटचा चहा. पण बोनस येईपर्यंत तग धरायला पगारच लागतो.

वर्ध्याच्या रानाचं वेळापत्रकही त्यांना सोयीचं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, लाल वाट्यांत रस भरून. दिवसा मैना, बुलबुल, कावळे, रात्री वटवाघळं. त्यानंतर मोह. जून-जुलैत मोहाची फळं, ज्यांना आमच्याकडे टोळ म्हणतात. मधल्या दिवसांत वड, उंबर, पिंपळाची फळं आहेतच. यातली एक कडी काढली की बाकीच्या दिवसांचं गणित बिघडतं.

पहाटेची पाळी

रात्री दीडनंतर वर गडबड कमी झाली आणि खाली टप् टप् सुरू झालं. पेले गळायला लागले. आधी तुरळक, मग सतत, जणू बारीक गारा. चारला थोडी झोप लागली, पाचला जाग आली ती माणसांच्या आवाजाने.

आमच्या झाडाची फुलं गावातल्या एक मावशी बटईनं वेचतात. अर्धी त्यांची, अर्धी मामाची. हा करार माझ्या आजोबांपासूनचा आहे आणि कुठेही लिहिलेला नाही. त्या, त्यांची सून, दोन नाती. वाकून, भरभर, एकही मणी न सोडता. पलीकडे बांधावर तीन चितळं थांबून वाट बघत होती, आम्ही कधी जातो याची.

मी विचारलं, वटवाघळं इतकी फुलं खातात, राग नाही येत? मावशी वाकलेल्याच होत्या. म्हणाल्या, "ते रातच्याले खाते, आमी सकाळी येचतो. त्यायच्या वाटचं त्यायनं नेलं, आमच्या वाटचं आमी." मग जरा थांबून, "अन् ते नाही आले त्या साली टोळच धरत नाही जी झाडाले."

मी पुण्याहून तीन रिसर्च पेपर वाचून गेले होते. त्यांनी एका वाक्यात संपवलं. टोळाच्या बियांचं तेल निघतं, घरात दिव्याला, अंगाला, स्वयंपाकाला लागतं, उरलं तर विकलं जातं. म्हणजे वटवाघळाचा हिशेब मावशींच्या घरात दोनदा लागतो: फुलात थोडा तोटा, तेलात नफा.

एक गोष्ट मात्र तिथेच खटकली. शेजारच्या दोन झाडांखाली जमीन काळी पडली होती. फुलं नीट दिसावीत म्हणून खालचा पाचोळा पेटवून देतात. वारा फिरला की ही आग रानात घुसते, आणि उन्हाळ्यात जंगलात लागणाऱ्या आगींचं हे एक नेहमीचं कारण. मावशी पेटवत नाहीत, खराट्याने झाडतात. झाडाखाली जुनी साडी किंवा जाळी पसरली तर वेचण्याचे कष्टही वाचतात. उपाय इतका साधा आहे की त्यासाठी योजना काढायलाही कुणाला सुचत नसावं.

बदनाम मंडळी

आता तुमच्या मनातला प्रश्न. रोगाचं काय? भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. केरळात २०१८ साली निपाहची साथ आली तिचा संबंध मोठ्या वटवाघळांशी लागला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या काही वटवाघळांत निपाहच्या प्रतिपिंडांच्या खुणा मिळाल्या, आणि २०२१ मध्ये ती बातमी आली तेव्हा व्हॉट्सअॅपवर काय काय फिरलं ते तुम्हाला आठवत असेल. प्रतिपिंड म्हणजे आजार नव्हे, शरीराने विषाणूशी कधीतरी गाठ पडल्याची नोंद. काळजी एवढीच: उष्टं, चोच-दात लागलेलं फळ खायचं नाही, त्यांच्या गुहांत शिरायचं नाही, पडलेलं वटवाघूळ हाताने उचलायचं नाही. मोहफुलं धुऊन, वाळवून, भाजून खायची आपल्या आज्यांची रीत शहाणपणाची होती. आणि हो, त्यांचं झाड पेटवायचं किंवा तोडायचंही नाही. बिथरलेली वटवाघळं चहूकडे पांगतात, त्यात कुणाचंच भलं नाही.

कायद्यानेही त्यांना बरीच वर्षं वाळीत टाकलं होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं पाचव्या अनुसूचीत होती, उंदीर, घुशी आणि कावळ्यांच्या रांगेत. उपद्रवी, म्हणजे मारलं तरी चालेल. २०२२ च्या दुरुस्तीत ही अनुसूचीच निघाली, आणि दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पन्नास वर्षं लागली.

उलटं उदाहरणही आहे. टकिला ज्या घायपातीपासून बनते, त्या कुळाची फुलं मेक्सिकोत वटवाघळंच फळवतात. त्यातली एक जात अमेरिकेत संकटग्रस्त यादीत होती. गुहा राखल्या, फुलांचा रस्ता राखला, आणि २०१८ साली संख्या सावरली म्हणून ती यादीतून बाहेर आली. तिथे दारूच्या बाटलीवर वटवाघळाच्या नावाने मार्केटिंग चालतं. आमच्या जिल्ह्यात ते जमणार नाही, मोहाच्या लाडवांवर करता येईल.

मामाचा हिशेब

राहता राहिला मामा. त्याचं म्हणणं चुकीचं नाही. "त्याच्या सावलीत पराटी वाढतच नाही. चार तासं वाया जाते दरसाल." तोडायची रीतसर परवानगी काढायची, लाकूड विकायचं, त्या पैशात ठिबकचा हप्ता भरायचा. कापसाच्या भावावर घर चालवणाऱ्या माणसाला पुण्याहून आलेल्या भाचीने जैवविविधता शिकवायची, हे मलाच कसंतरी वाटत होतं. म्हणून मी शिकवलं नाही. आम्ही दोघांनी वहीत हिशेब मांडला. एका बाजूला चार तासं पराटी. दुसऱ्या बाजूला वाळलेल्या फुलांचा अर्धा वाटा, टोळाचं तेल, बैलांना दुपारची सावली. मावशींचा अर्धा वाटा कुठल्या बाजूला लिहायचा यावर आमचं दहा मिनिटं वाजलं. मामा म्हणाला, तो आपला नाहीच तर लिहायचा कायले? मी म्हटलं, झाड गेलं तर तोही जातो. शेवटी त्याने तो वहीच्या मधल्या रेषेवर लिहिला.

बेरीज थोडीशी झाडाच्या बाजूने लागली. थोडीशीच. मामाने वही मिटली. "यंदा नाही तोडत. पुढच्या साली भाव पाहू."

परवा मामेभावाचा मेसेज आला. कळ्या धरल्यात.

जायचं असेल तर: मार्चचा शेवट ते एप्रिलचा मध्य हा मोहाचा हंगाम. मुंबईहून विदर्भ आणि सेवाग्राम एक्सप्रेस वर्ध्याला थांबतात. नागपूरहून वर्धा गाडीने साधारण दीड तास, आणि डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्गही आहे. बोर अभयारण्य १९७० सालचं, व्याघ्रप्रकल्प झाला २०१४ मध्ये, देशातल्या सर्वांत छोट्या व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. वर्ध्याहून बोरधरण साधारण ३५ किलोमीटर. जंगलात रात्री थांबता येत नाही आणि थांबूही नये. मोह बघायला गावालगतचं शेत पुरतं, मालकाला विचारून, गावातलं माणूस सोबत घेऊन. टॉर्चला लाल कागद, अंगात लांब बाह्यांचा शर्ट, डोक्यावर टोपी. दिवसा सेवाग्रामचा आश्रम आणि पवनारला धाम नदीचा काठ बघून घ्या. ऊन फार, दुपारी बाहेर पडू नका. आणि पहाटे कुणी फुलं वेचत असेल तर फोटोच्या आधी विचारा. टोपली उचलायला हात दिलात तर बहुधा मूठभर मोहफुलं मिळतील.